हेस्टरच्या नावाचा बिल्ला

एडविन लॉफ्टहाउस यांनी त्या खुर्चीत बसायला नको होतं, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केलं. एडविननीसुद्धा केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की खुर्ची रिकामी होती आणि त्यांना बसायला सांगितलं गेलं होतं. छत्तीस वर्षं हॅरोगेटच्या प्राथमिक शाळेत मुलांना ‘बसा’ म्हटलं की बसायला शिकवणारा माणूस स्वतः उभा कसा राहील?

पण खुर्चीच्या आधी फॉर्म होता.

फॉर्म होता हेस्टरचा. हेस्टर ही त्यांची एकुलती एक मुलगी, वय चोवीस, कायद्याची पदवीधर. सॉलिसिटर व्हायचं तर पदवीनंतर वकिलांच्या एखाद्या पेढीत दोन वर्षं उमेदवारी करावी लागते. ही दोन वर्षं निश्चित असतात. ती मिळेपर्यंत किती वर्षं जातील, हे मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. शिवाय हेस्टरला घरांच्या खरेदीविक्रीचे कागद करणारी गल्लीतली पेढी नको होती. तिला कंपन्यांचे मोठमोठे करार करणारी व्यापारी पेढीच हवी होती. अशा अकरा पेढ्यांनी तिला आतापर्यंत नकार कळवला होता, आणि अकराही पत्रांत एकच वाक्य होतं: ‘यंदा अर्जांचा दर्जा कमालीचा उंच होता.’

“दरवर्षी उंचच असतो,” तिची आई मरिअल म्हणाली होती. “कधीतरी बुटका असेल की नाही?”

बारावा अर्ज लीड्सच्या ऑल्डरशॉ पेल या पेढीला जायचा होता, आणि तोच शेवटचा होता. हेस्टर सध्या एका विमा कंपनीत गळक्या छपरांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. कंपनीने तिला कायम करायचं ठरवलं होतं. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिने सही करायची होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. “सही केली की मी पुन्हा अर्ज करणार नाही,” असं हेस्टरने जेवताना शांतपणे सांगितलं, आणि मटार वाढून घेतले. त्या घरात माणसं जितकी हळू बोलतील तितकं प्रकरण गंभीर समजायचं असतं.

एडविनना वाटलं, आता आपण लक्ष घातलं पाहिजे.

फॉर्ममधला पहिला प्रश्न होता: ‘तुम्ही इतरांबरोबर मिळून काम केल्याचा एक प्रसंग सांगा. मर्यादा अडीचशे शब्द.’ हेस्टरने दोनशे अठ्ठेचाळीस शब्द लिहिले होते. एडविननी लाल पेनने त्यातले चाळीस काढले आणि नव्वद घातले. संगणकाने शेवटचं वाक्य अर्ध्यावर तोडून टाकलं, त्यामुळे हेस्टर विद्यापीठाच्या नाट्यमंडळात ‘सर्वांच्या सहकार्याने पडदा’ एवढंच करून थांबली.

“डॅड, तुला मी हात लावू नको म्हटलं होतं.”

“मी हात नाही लावला. पेन लावलं.”

शेजारच्या मिसेस क्रॅब्ट्री यांनाही या कामात रस होता. त्यांचा भाचा वेकफील्डला वकिली करायचा, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा. कुंपणावरून मान काढून त्या म्हणाल्या, “छंदाच्या रकान्यात नौकानयन लिहा. मोठ्या पेढ्यांना ते आवडतं.”

“हेस्टरला तळ्यातल्या होडीतसुद्धा मळमळतं,” एडविन म्हणाले.

“अहो, लिहायला पाणी कशाला लागतंय?”

हेस्टरने नौकानयन लिहिलं नाही. ‘चालणे’ असं लिहिलं. मिसेस क्रॅब्ट्रींनी दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही.

तर फॉर्म गेला, आणि आश्चर्य म्हणजे पुढचं बोलावणं आलं. पुढची पायरी म्हणजे व्हिडिओवरची मुलाखत. या मुलाखतीत समोर माणूस नसतो. पडद्यावर आधीच चित्रित केलेली एक बाई प्रश्न विचारते, मग आकडे उलटे धावायला लागतात, आणि दीड मिनिटात उत्तर द्यायचं असतं. तीन प्रश्न, संधी एकदाच. उत्तरं आधी यंत्रच तपासतं. एडविनना ही पद्धत मुळीच पटली नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुला गाय आवडते का’ असं विचारायचं झालं तरी आपण आधी त्याच्याकडे बघतो, असं ते म्हणायचे.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून वरच्या खोलीतलं सामान हलवणं चाललं होतं. खिडकीपाशी बसलं तर चेहरा पांढराफटक दिसायचा, भिंतीपाशी बसलं तर मागे ओलीचा डाग दिसायचा. हेस्टरने चाचणीचं बटण दाबलं आणि म्हणाली, “डॅड, जरा खुर्चीत बस. मला उजेड बघू दे.”

एडविन बसले. उजेड ठीक होता. तेवढ्यात बाहेर मिसेस क्रॅब्ट्रींनी कुंपण कापायचं यंत्र सुरू केलं.

“अरे देवा! तू इथेच थांब, मी त्यांना सांगून येते,” असं म्हणून हेस्टर जिना उतरून पळाली.

चाचणी संपली. पडद्यावर एक चौकट आली: ‘तुम्ही तयार आहात का?’ खाली एकच बटण होतं, ‘हो’. एडविननी ‘नाही’ कुठे दिसतं का ते पाहिलं. दिसलं नाही. कुणी इतक्या नम्रपणे विचारल्यावर ताटकळत ठेवणं त्यांना प्रशस्त वाटेना. शिवाय हे सगळं चाचणीतलंच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. त्यांनी ‘हो’ दाबलं.

“नमस्कार हेस्टर,” पडद्यावरची बाई म्हणाली. “वेळ काढल्याबद्दल आम्ही आभारी आहोत.”

“छे छे, आभार कसले,” एडविन म्हणाले.

“तुम्हाला माहीत असलेला एखादा व्यवसाय निवडा आणि त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत ते सांगा.”

आकडे धावायला लागले, तेव्हा एडविनना कळलं की ही चाचणी नाही. त्यांनी थांबवायचं बटण शोधलं. नव्हतं. उठून जावं म्हटलं, तर दीड मिनिट रिकामी खुर्ची दिसेल आणि पेढीला वाटेल, मुलगी प्रश्न ऐकून निघून गेली. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. एका सभ्य बाईने सभ्यपणे प्रश्न विचारला होता, आणि एडविन लॉफ्टहाउस आयुष्यात कधीही उत्तर न देता उठलेले नव्हते.

त्यांनी घसा साफ केला आणि कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानाविषयी सांगायला सुरुवात केली. मासा दूरच्या समुद्रातून येतो, म्हणून तिकडे वादळ झालं की इकडे पाटीवरचा दर बदलतो. बटाटा जवळून येतो, पण यंदा पाऊस लवकर आला. तेल महागलं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मालक मिस्टर बिन्स सत्तरीला आले आहेत आणि मुलगा दातांचा डॉक्टर झाला आहे. “आता तूच सांग,” एडविननी नकळत कॅमेऱ्याला विचारलं, “यातली कुठली अडचण पैशानं सुटेल आणि कुठली सुटणार नाही?” मुलांना ते असंच विचारायचे. मग उत्तराला वेळ द्यायचा म्हणून थोडं थांबायचे. तसे ते थांबलेसुद्धा.

हेस्टर परत आली तेव्हा तिसरं उत्तर संपत आलं होतं. तिला दारातून एवढंच ऐकू आलं: “बरं तर मग, सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.”

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘अभिनंदन हेस्टर! तुमची मुलाखत पोहोचली.’

“ठीक आहे,” हेस्टर म्हणाली.

त्या घरात ‘ठीक आहे’पेक्षा भयंकर शब्द नव्हता. मरिअलने न विचारता चहा ठेवला. कुंपणाच्या पलीकडे यंत्र बंद होतं. मिसेस क्रॅब्ट्री शेजारधर्म पाळून ऐकत उभ्या होत्या.

हेस्टरने पेढीला फोन लावला. निरोप ठेवा असा निरोप मिळाला. मग तिने मुलाखतीचं यंत्र चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवायला घेतली. तिथे अडचणींची यादी होती: आवाज, कॅमेरा, इंटरनेट, इतर. तिने ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं, ‘माझी मुलाखत माझ्या वडिलांनी दिली.’ तासाभरात उत्तर आलं: ‘कळवल्याबद्दल धन्यवाद. तुमची अडचण सुटली याचा आम्हाला आनंद आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

चार दिवसांनी पेढीचा ईमेल आला. हेस्टर पास झाली होती. बुधवारी लीड्सच्या कचेरीत दिवसभराची परीक्षा होती, आणि तिथूनच उमेदवार निवडले जाणार होते. खाली एक ओळ होती: ‘तळलेल्या माशांच्या धंद्याविषयीचं आपलं विवेचन आम्हाला विशेष स्पष्ट वाटलं.’

त्या संध्याकाळी एडविनना शिडी शोधायला जिन्याखालच्या कोठीत बराच वेळ लागला. मरिअल बघायला गेली तेव्हा ते बल्बच्या उजेडात ईमेलची छापलेली प्रत वाचत होते.

“विशेष स्पष्ट,” ते म्हणाले.

“वाचलं मी. बाहेर ये.”

“अकरा पेढ्यांनी तिला... म्हणजे मी तुलना करत नाहीये, मरिअल.”

“करतोयस. आणि तिच्यासमोर केलीस तर तुझं जेवण त्या मिस्टर बिन्सकडे.”

हेस्टरने मात्र ठरवलं होतं. ती पेढीला पत्र लिहून खरं काय ते सांगणार होती.

“इतकी घाई कशाला?” एडविन म्हणाले. “दोन दिवस थांबू या. विचार करू.”

कुंपणावरून मिसेस क्रॅब्ट्रीही म्हणाल्या, “गप्प बस, पोरी. यंत्राने पास केलंय ना? मग यंत्राची जबाबदारी.”

 हेस्टर वडिलांकडे वळली. “डॅड, मी वकील व्हायला निघालेय. लोक उद्या माझ्या सहीवर विश्वास ठेवून कारखाने विकत घेणार. आणि माझी पहिलीच सही खोटी?”

 एडविननी स्वतःचंही एक पत्र जोडायचं ठरवलं. ते साडेचार पानांचं झालं. हेस्टरने ते वाचलं आणि लाल पेन मागितलं. शेवटी उरलं ते असं: ‘चूक माझी आहे. आपला, एडविन लॉफ्टहाउस.’

दुसऱ्या दिवशी पेढीतून फोन आला. बोलणाऱ्या बाईचं नाव इमोजेन ट्रूलव्ह. उमेदवारांची भरती ती बघायची. “कळवलंत, फार बरं केलंत. फारच मजेशीर आहे हे,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात मजेत नव्हता. “अडचण अशी आहे, की आमच्या यंत्रणेत नापासाला पुन्हा नापास करता येतं, पण पासाला मागे घेता येत नाही. तशी सोयच केलेली नाही. वरिष्ठांनी पत्र वाचलंय. त्या म्हणाल्या, बुधवारी येऊ दे तिला. व्हिडिओचे गुण धरायचे नाहीत, दिवसभरात काय करते ते बघू.”

बुधवारी एडविननी तिला गाडीने लीड्सला सोडलं. इमारतीच्या दारात तिचा निरोप घेतला आणि समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले. त्यांनी कशातही लक्ष घालायचं नाही असं ठरलं होतं. मरिअलने त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं होतं. त्यांनी बन मागवला, लोणी लावलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“डॅड,” हेस्टर अगदी हळू म्हणाली, “तू जरा इकडे ये.”

दाराशी पहारेकरी होता, सहा फूट उंच, अत्यंत सभ्य. त्याच्या हातात एक बिल्ला होता. त्यावर लिहिलं होतं ‘हेस्टर लॉफ्टहाउस, उमेदवार’. शेजारी फोटो होता. यंत्राने तो मुलाखतीच्या व्हिडिओतून आपला आपण काढून घेतला होता. टक्कल, चष्मा, आणि मिस्टर बिन्सच्या मुलाविषयी वाटणारी खंत, सगळं स्पष्ट आलं होतं.

“माफ करा, मिस,” पहारेकरी म्हणाला. “बिल्ल्यावरचा चेहरा आत जाऊ शकतो. बाकी कुणाला सोडायची मला मुभा नाही.” मग एडविनकडे बघून तो खुलला. “हां, आलात! या, सर.”

“पण हेस्टर ही आहे,” एडविन म्हणाले.

“असेलही, सर. पण बिल्ला तुमचा आहे.”

इमोजेनला फोन लावला, तर ती वर सभेत होती. नऊला पाच मिनिटं कमी होती. शेवटी पहारेकऱ्यानेच तोड काढली. बिल्लेवाल्याला सोबत एक पाहुणा नेता येत होता. अशा रीतीने एडविन लॉफ्टहाउस हेस्टर लॉफ्टहाउस म्हणून आत गेले, आणि त्यांच्या मागून हेस्टर गेली. तिच्या कोटावर चिकटपट्टी होती: ‘पाहुणी, हेस्टर लॉफ्टहाउस यांच्यासोबत’.

वर गेल्यावर इमोजेनचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल. “मी सगळ्या परीक्षकांना समजावून सांगते,” ती म्हणाली. “नवा बिल्ला दुपारपर्यंत येईल. बिल्ल्याशिवाय मात्र कुणाला एकटं फिरता येत नाही. मिस्टर लॉफ्टहाउस, तुम्ही तिथे कोपऱ्यात... फक्त बसा.”

तिने खरोखरच सगळ्यांना सांगितलं. आणि सगळ्यांनी, कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, तो विषय न काढण्याचं ठरवलं. दिवसभर एकाही माणसाने विचारलं नाही, की कोपऱ्यातले हे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ कोण. एका परीक्षकाने तर त्यांच्या बिल्ल्याकडे नीट बघून विचारलं, “हेस्टर, चहात दूध चालेल?”

“थोडंसंच,” एडविन म्हणाले.

मग मुख्य परीक्षा सुरू झाली. सहा उमेदवार एका टेबलाभोवती. प्रत्येकापुढे वीस पानं. एका कंपनीला बिस्किटांचा एक कारखाना विकत घ्यायचा होता. घ्यावा की नाही, ते चाळीस मिनिटांत एकमताने सांगायचं होतं. भिंतीशी तीन परीक्षक वह्या घेऊन बसले होते.

बार्नबी नावाच्या तरुणाने सुरुवात केली. त्याचं झाल्यावर दुसरी म्हणाली, “बार्नबीच्या छान मुद्द्यात मी थोडी भर घालते.” तिसऱ्याने त्या भरीत भर घातली. चौथीने सगळ्यांचे आभार मानले. पाचवा म्हणाला, “आधी तू बोल,” सहावी म्हणाली, “छे, तूच,” आणि यात तीन मिनिटं गेली. सहावी हेस्टर होती.

एडविन कोपऱ्यात बसून बघत होते. पस्तीस मिनिटं झाली. कारखाना घ्यावा की नाही, हे अजून कुणीही बोललं नव्हतं. सगळे एकमेकांशी सहमत होते, पण कशाशी ते ठरायचं होतं. वर्ग असता तर एडविन केव्हाच टाळी वाजवून उठले असते. त्यांचे हात तर उचलले गेलेही होते. ते त्यांनी मांड्यांखाली घातले आणि हातांवर बसले. छत्तीस वर्षांत त्यांनी इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं.

हेस्टरने घड्याळ पाहिलं. तिची मान लाल झाली होती. लहानपणी शाळेच्या नाटकात वाक्य विसरली तेव्हा झाली होती तशी. एडविनना वाटलं, आता ही गप्प बसणार. आणि तेवढ्यात ती म्हणाली, “माफ करा, मी जरा उद्धटपणा करणार आहे. चौदाव्या पानावर लिहिलंय की कारखान्याखालच्या जमिनीचा भाडेकरार येत्या मार्चला संपतो. हे सगळ्यांनी वाचलंय ना?”

 सगळ्यांनी वाचलं होतं.

“मी वाचलं होतं,” बार्नबी म्हणाला. “पण सगळे कारखान्याचं इतकं कौतुक करत होते...”

“मलाही तेच वाटलं,” हेस्टर म्हणाली. “पण मार्चनंतर त्यांच्याकडे बिस्किटं असतील आणि ती भाजायला जागा नसेल. मी म्हणते, करार वाढवून मिळेपर्यंत घेऊ नका. कुणाला पटत नसेल तर आत्ता बोला. चार मिनिटं आहेत. बार्नबी, तू आकडे चांगले पाहिलेस, थांबलो तर नुकसान किती ते तू सांग.”

बार्नबीने सांगितलं. बाकीचेही बोलायला लागले, आणि या वेळी कुणी भर घातली नाही. नेमकं बोलले. एडविननी हळूच हात मोकळे केले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. हे आपण तिला कधी शिकवलं, ते त्यांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही. शिकवलंच नव्हतं.

दुपारी नवा बिल्ला आला, तोपर्यंत हेस्टर शेवटच्या मुलाखतीला आत गेली होती. अर्ध्या तासाने दार उघडलं. ती बाहेर आली आणि तिच्या मागून मिसेस हॅलिवेल आल्या. पेढीतल्या या ज्येष्ठ भागीदार. त्यांनी एडविनच्या छातीवरचा बिल्ला वाचला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी विषय काढला.

“तर मासेवाले तुम्ही.”

“हो. म्हणजे, हिचे वडील.”

“पत्र लिहायचं हेस्टरने ठरवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

हेस्टर जमिनीकडे बघत होती. एडविनना एक बरं दिसणारं उत्तर सुचलं होतं, तयारही होतं. ते त्यांनी गिळलं.

“दोन दिवस थांबू या म्हणालो,” ते म्हणाले. “मी पास झालो होतो ना. मला ते आवडलं होतं.”

“हं,” मिसेस हॅलिवेल म्हणाल्या. “तिनेही असंच सांगितलं.” आणि आत निघून गेल्या.

या पेढ्यांची रीत अशी, की नकार असेल तर ईमेल येतो, होकार असेल तर फोन. शुक्रवारी दुपारी तीनपासून तिघं फोनभोवती बसले होते, आणि विमा कंपनीचा कागद टेबलावर होता. फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा मिसेस क्रॅब्ट्री होत्या. फोन आला का, ते त्यांना विचारायचं होतं. साडेचारला हेस्टरने पेनचं टोपण काढलं. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी पुन्हा घंटा झाली.

“हो,” हेस्टर म्हणाली. “हो. नाही, अजिबात नाही. हो. धन्यवाद.” आणि तिने फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?” मरिअलने विचारलं.

“घेतलं. दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या तुकडीत.” एवढंच म्हणून ती खाली बसली, विमा कंपनीच्या कागदावर डोकं टेकलं आणि त्या घरात आजवर कुणी रडलं नव्हतं इतक्या मोठ्यांदा रडली. एडविन आणि मरिअलना काय करावं कळेना. मग दोघांनी दोन बाजूंनी तिला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

बातमी कुंपणापलीकडे गेली तेव्हा मिसेस क्रॅब्ट्रींनी एडविनचाच हात हातात घेतला. “मला ठाऊकच होतं! बिल्ला लावून तुम्ही आत गेलात तेव्हाच काम झालं.”

“नाही हो,” एडविन म्हणाले. “तिनं मिळवलं. मी दिवसभर हातांवर बसून होतो.”

“कमाल आहे तुमच्या विनयाची,” मिसेस क्रॅब्ट्री म्हणाल्या आणि बातमी घेऊन बाजाराला गेल्या.

सोमवारी सकाळी पाववाल्याने एडविनना दुकानाच्या मागे बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. त्याच्या शेजाऱ्याने भिंत नऊ इंच त्याच्या जागेत आणली होती. वकील म्हणून एडविनचं काय मत?

प्रश्न सभ्यपणे विचारला होता. एडविननी तोंड उघडलं. भिंतींविषयी त्यांचं मत होतं, आणि ते बरंच स्पष्ट होतं. त्यांनी तोंड मिटलं.

“वकील माझी मुलगी आहे,” ते म्हणाले. “पण तिची उमेदवारी दोन वर्षांनी सुरू होते, आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं चालते. तोवर भिंतीला हात लावू नका.”